चंपाषष्ठीचं भरीत

आमच्याकडे चंपाषष्ठीला भरीत होतं आणि त्या दिवशी मी जेवत नाही. नव्या सुना पहिल्या वर्षी विचारतात, दुसऱ्या वर्षी गप्प बसतात. म्हातारीचं काहीतरी व्रत असेल, असं त्यांनी आपसांत ठरवून टाकलं आहे. व्रत कसलं डोंबलाचं! तोंडाने सांगवत नाही, म्हणून नातवाच्या जुन्या वहीत लिहून ठेवते आहे. लिहायला मी तिशीनंतर शिकले, तेव्हा अक्षर असंच असायचं. ज्याला लागेल त्याने वाचावं, नाही लागलं तर पानं बंबात घालावीत.

मी अकराव्या वर्षी कल्याणला सून म्हणून आले. आगगाडीचं अप्रूप तोवर ओसरत आलं होतं. बंदराकडे उतरणाऱ्या आळीत आमचं कौलारू घर, मागे विहीर, विहिरीला लागून पडवी. घरात माणसं मोजकी. माझे सासरे, ज्यांना मी मामंजी म्हणे, ते याज्ञिकी करत. त्यांची विधवा बहीण, आत्याबाई, लाल आलवणातली, डोकं केलेली. स्वयंपाकघर आणि सोवळं-ओवळं सगळं त्यांच्या ताब्यात. माझे यजमान रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. आणि माझी नणंद, माझ्याहून चार वर्षांनी लहान. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घराणं मूळचं देशावरचं, खाली येऊन तीन पिढ्या झाल्या तरी कुळधर्म खंडोबाचा आणि चंपाषष्ठीला बाजरीची भाकरी.

नणंदेचं लग्न आठव्या वर्षी झालं होतं, ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या एका घरी. वर्षाच्या आत तो मुलगा तापाने गेला. तिने त्याला दोनदा पाहिलं होतं. निरोप आला तेव्हा आम्ही दोघी ओसरीवर सागरगोटे खेळत होतो, आणि तिने विचारलं की डाव पुरा करू का. मुलगी लहान, म्हणून तेव्हा काही केलं नाही. बांगड्या उतरवल्या, कुंकू पुसलं, पण परकर राहिला, वेणी राहिली. ती शहाणी झाली, तिला न्हाण आलं, की न्हावी बोलवायचा, हे ठरलेलं होतं. ते कोणी बोलून दाखवत नसे. पण ठाण्याचं माणूस वर्षातून एकदा चौकशीला यायचं, आणि ते कशाची चौकशी करतं हे घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं.

तिचे केस मांड्यांपर्यंत होते. दर शनिवारी मी ते विंचरायची आणि मेल्या जटा म्हणून तिला शिव्या घालायची. चारचौघांत मी तिला वन्सं म्हणे, अहोजाहो करी. मागच्या अंगणात आमचं अगंतुगं. ती भारी वात्रट. आत्याबाई सोवळ्यात कशा अंग चोरून चालतात, मामंजी मंत्र म्हणता म्हणता जांभई कशी गिळतात, सगळं हुबेहूब करून दाखवायची. हिशेबात तर यजमानांनाही ऐकत नसे. मला त्या घरात पहिली दोन वर्षं जे हसू आलं ते तिच्यामुळे, हे मला इथे लिहिलंच पाहिजे.

मी सतरा वर्षांची होते, ती तेरावं संपवत आलेली. भाद्रपदातली सर्वपित्री अमावास्या. घरात श्राद्धाचा स्वयंपाक, आत्याबाई सोवळ्यात, मी विहिरीवर अळू धूत होते. ती पडवीच्या कोपऱ्यातून आली आणि काही न बोलता पाठ फिरवून उभी राहिली. परकराला डाग होता. माझ्या हातातलं अळू विहिरीच्या काठावरच राहिलं.

आता सांगते मी काय केलं, आणि हे करायला मला कोणी शिकवलं नव्हतं. तिला मी माझं धुतलेलं लुगडं फाडून दिलं, तिचा परकर काढून घेतला आणि पडवीत जाऊन तिथूनच आत्याबाईंना ओरडून सांगितलं की मला कावळा शिवला. आमच्यात बाई तीन दिवस बाहेर बसते. पडवीत किंतान अंथरून बसायचं, वेगळं तांब्याभांडं, पानात वरून पडेल ते खायचं, कशाला शिवायचं नाही, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन आत यायचं. एवढ्याशा घरात ही गोष्ट लपवणार कशी? कपडे धुवायचे कुठे, वाळत घालायचे कुठे? दोरीवर काय आहे ते आत्याबाईंना डोळे मिटूनसुद्धा दिसायचं. कोणीतरी बाहेर बसलेलं असलंच पाहिजे. म्हणून तिच्या जागी मी बसले. तिचे कपडे मी माझे म्हणून धुतले. आणि ती आत, श्राद्धाच्या घरात, वाटण वाटत होती, पानं मांडत होती, पाणी भरत होती.

तुम्हाला आज यात काही वाटणार नाही. मला तेव्हा वाटत होतं की आमच्या घराचे पितर उपाशी परत गेले आणि ते माझ्यामुळे. मी धीट नव्हते, बरं का. कोणी तसा समज करून घेऊ नये. माझा त्या सगळ्यावर पुरा विश्वास होता. तिने हात लावलेलं लोणचं नासणार म्हणून मी रोज बरणीचा दादरा सोडून बघायची. लोणचं नासलं नाही. मला त्याने बरं वाटायचं सोडून जास्तच भीती वाटू लागली, की म्हणजे आता हे पाप दुसरीकडे कुठेतरी फुटणार.

मग हे केलं कशाला, असं कोणी विचारील. आमच्या माहेरी, भिवंडीला, शेजारच्या घरी एका मुलीला न्हाव्यापुढे बसवलेलं मी भिंतीच्या भोकातून पाहिलं होतं. बस, एवढंच कारण. नणंदेच्या डोक्याला तेल लावताना मला ते आठवायचं आणि हात थांबायचा.

आणि मला एक वाट दिसत होती. यजमानांची बदली भुसावळला होणार असं धक्क्यावर बोललं जात होतं, संक्रांतीच्या सुमारास हुकूम येईल म्हणत. रेल्वेच्या चाळीत कोण कुठला, कोणी विचारत नाही. मी यजमानांच्या मागे लकडा लावला, की मला तिकडे एकटीला करमायचं नाही, वन्संना बरोबर नेऊ या. खरं कारण त्यांना सांगितलं नाही. ते हो म्हणाले, मामंजीही नाही म्हणाले नाहीत. म्हणजे मला फक्त संक्रांत गाठायची होती.

पण माझे स्वतःचे दिवस होतेच की. माझे पौर्णिमेच्या आसपास, तिचे अमावास्येला. म्हणजे मी महिन्यातून दोनदा पडवीत. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. सहा वर्षं झाली, सुनेची कूस उजवत नाही, आणि त्यात हे. वैद्याला विचारून त्यांनी अशोकाच्या सालीचा काढा सुरू केला. सकाळ-संध्याकाळ वाटीभर, समोर बसून प्यायला लावायच्या. जिभेला घट्टे पडतील असा कडू! नणंद दाराआडून तोंडावर हात धरून हसायची आणि डोळ्यांत पाणी आणायची, एकाच वेळी. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मी पुन्हा पडवीत. फराळाची ताटं आळीत फिरत होती, चिरोट्यांचा वास मागपर्यंत येत होता, आणि मी किंतानावर बसून कडबोळी मोजत होते.

कार्तिक लागला. कल्याणला थंडी म्हणजे काय, पहाटे खाडीवरून धुकं येऊन कौलांवर बसायचं, एवढीच. पण त्या दिवसांत गाव सुंदर असायचं, हे मी कबूल करते. देवळात काकडआरती, आळीत नव्या भाताच्या गाड्या, पेंढ्याचा वास. डोंबिवलीची एक आगरीण डोक्यावर टोपली घेऊन यायची. डोंबिवली तेव्हा नुसतं खेडं. तिच्याकडे वालाच्या शेंगा, मुळे, कोवळी वांगी असायची. वांगी मात्र आम्ही चंपाषष्ठीपर्यंत घेत नसू. आमच्याकडे चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं बंद, आणि वांग्याची बंदी चंपाषष्ठीला सुटायची. ती दर खेपेला दारात वांगी काढून दाखवायची आणि म्हणायची, बामनीण बाय, देवाला इचारा तरी. आत्याबाई तिच्यावर रागवायच्या आणि गेल्यावर म्हणायच्या की वांगी मेली झकास होती.

वैकुंठचतुर्दशीला आळीतली सगळी घरं मिळून तळ्यापलीकडच्या बागेत आवळीभोजनाला गेली. आवळ्याच्या झाडाखाली चुली मांडायच्या, झाडाची पूजा करायची आणि तिथेच जेवायचं. डाळिंब्यांची उसळ, साखरभात, मुळ्याची कोशिंबीर, आवळ्याची चटणी. बायका फुगड्या घालत होत्या. नणंदही घालत होती, वेणी अशी गरगरत होती. आणि नेमकं त्या दिवशी ठाण्याचं माणूस आलं. आगगाडीने कल्याणला उतरून, घरी कुलूप पाहून, विचारत विचारत बागेत. मामंजींनी त्याला आग्रह करून वाढलं. त्याने जेवता जेवता फुगडीकडे पाहिलं आणि मुलगी मोठी दिसते हो, असं म्हटलं. मामंजी म्हणाले, अंगाने थोराड आहे, अजून काही नाही. आत्याबाईंनी मान डोलावली. माझ्या हातून साखरभाताची मूद त्या माणसाच्या पानात पडायची ती धोतरावर पडली. सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. माझे दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाहीत, आठव्या दिवशी नाहीत. आत्याबाई खूश, काढा लागू पडला, दोनदाचं एकदा झालं. मला मात्र कळून चुकलं होतं. सकाळी उठलं की तोंडाला पाणी सुटायचं, दुधाचा वास नको व्हायचा. सहा वर्षं ज्याच्यासाठी नवस बोलले ते आलं, ते नेमकं आत्ता. गरोदर बाई पडवीत बसत नाही. मग आता तिच्या दिवसांना माझे कसे म्हणणार?

मी कोणाला सांगितलं नाही, यजमानांनाही नाही. फक्त तिला सांगितलं. आम्ही मागच्या अंगणात चटईवर आवळे वाळत घालत होतो. ती आधी मला मिठीच मारून बसली. मग बोटं मोजली आणि तिचा चेहरा उतरला. हिशेबात पक्की ना. संक्रांतीपर्यंत तिचे दिवस दोनदा यायचे होते.

तोड तिनेच काढली. ती म्हणाली, आणखी दोनदा तू बसायचंस, पोटाचं कोणाला कळू द्यायचं नाही. आणि कळलंच तर म्हणायचं, पोटात असूनही मला थोडं जातं, माझ्या आईलाही जात होतं. असं असतं काही बायकांना, तिने कुठेतरी ऐकलं होतं. माझी आई तर वारलेली, कोण विचारायला जाणार? तिने माझ्याकडून ते वाक्य चार वेळा म्हणवून घेतलं. मी ते म्हणताना हसले आणि तिने मला चापट मारली, की हसू नको, डोळे खाली घालून म्हण, जरा रडवेली हो. मी तशीही म्हणून दाखवली. बिनचूक.

मार्गशीर्षात प्रतिपदेपासून खंडोबाचं सहा दिवसांचं नवरात्र बसतं. देवापुढे अखंड दिवा, रोज माळ. आणि त्याच दिवशी तिचं पुन्हा आलं. मी पडवीत गेले. देवाच्या दिवसांत सून बाहेर म्हणून आत्याबाई दिवसभर पुटपुटत होत्या. थंडी होती, किंतान दमट, आणि मला बसल्या जागी मळमळायचं. ओकारी आली की मी तोंडात पदर कोंबायची. नणंद येऊन लांबून पान सरकवायची आणि मोठ्याने विचारायची, वहिनी, आणखी भात? आणि हळूच, कशी आहेस गं? आत ती देवाच्या खोलीत वाती वळत होती. मी किंतानावर बसून खंडोबाला म्हणायची, देवा, जे काय असेल ते माझ्यावर घाल. मग एकदम पोटावर हात जायचा आणि म्हणायची, नाही नाही, माझ्यावर नको, थांब. कोणावर घालायचं ते मला सांगता येईना.

चौथ्या दिवशी न्हाऊन मी आत आले. उरलं फक्त एकदाच, पौषाच्या तोंडावरचं. जीव थोडा खाली पडला.

आणि चंपाषष्ठी उजाडली. डोंबिवलीची आगरीण पहाटेच टोपलीभर वांगी देऊन गेली, काळी, तुकतुकीत, काटेरी देठांची. कांद्याची पात आली. घाटावरून आलेली बाजरी आत्याबाईंनी आदल्या दिवशीच दळून ठेवली होती. पाच महिने घरात वांग्याचा वास नाही, आणि आज चार चुलींवर वांगी भाजायची. वांग्याला तेलाचं बोट लावून निखाऱ्यावर ठेवलं की साल तडतडते, करपते, आणि तो वास आळीभर फिरतो. माझे यजमान लहान पोरासारखे दोनदा स्वयंपाकघरात डोकावून गेले. भाजायचं काम माझ्याकडे होतं. पहिलं वांगं उलटलं, त्याचा वाफारा तोंडावर आला, आणि मला आवरेना. हातातला चिमटा टाकून मी मोरीकडे धावले. सगळं बाहेर आलं. पाठीवर कोणाचा तरी हात होता. मला वाटलं नणंदेचा. तो आत्याबाईंचा होता.

त्यांनी माझं तोंड वर केलं, डोळे पाहिले, नखं पाहिली. सोवळं मोडल्याचंही त्यांना भान नव्हतं. आळीच्या टोकाला सुईण राहायची, तिला बोलावून आणलं. तिने मला आतल्या खोलीत नेऊन तपासलं आणि म्हणाली, दोन महिने होत आले, पोर आहे. मी काही बोलायच्या आत आत्याबाईंनी माझ्या जिभेवर साखर ठेवली. मामंजींनी देवापुढचा भंडारा आणून स्वतःच्या हाताने माझ्या कपाळाला लावला. मी त्यांना इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. यजमान ओसरीवर उगाच येरझाऱ्या घालत होते. नणंद दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. मी खोटं लिहीत नाही. खरा होता.

नैवेद्य झाला, तळी भरली, पुरुष जेवून उठले. मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी सुपारी कातरत बसले. आम्हा बायकांची पानं मांडायची होती. आत्याबाई पाटावर बसल्या आणि त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. मी ते पाहिलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, बाळंतपण कोणत्या महिन्यात येईल ते त्या काढत होत्या. अंगठा एका पेरावर थांबला.

"पण तू तर परवा न्हालीस," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं.

"मग ते दिवस कोणाचे?"

मामंजींचा अडकित्ता थांबला. नणंद भरताची परात घेऊन चुलीजवळ उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. घाबरून नाही. आम्ही ठरवलं होतं ना. तिने नुसती मान किंचित हलवली, हं, आता म्हण.

वाक्य माझ्या जिभेवर होतं. पोटात असूनही मला थोडं जातं, माझ्या आईलाही जात होतं. पण समोर देवाचा दिवा होता, कपाळावर भंडारा ओला होता, आणि मला लहानपणापासून सांगितलेलं होतं की घरात अशुभ बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. मी माझ्याच तोंडाने म्हणायचं, की मला जातं? दोन महिन्यांच्या जिवाला मी रक्त लावायचं? आणि वास्तूने तथास्तु म्हटलं तर? इतके दिवस मी देवाला फसवलं होतं, आता तो ऐकायलाच टपला असेल, असं मला वाटलं. अंगणात आवळे वाळवताना जे मी हसत म्हटलं होतं, ते मला तिथे म्हणवेना. माझा हात पोटावर गेला आणि तोंड मिटलेलंच राहिलं.

चुलीतलं लाकूड एकदा सरकलं. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या, मामंजी जमिनीकडे, आणि ती माझ्याकडे. मग तिने परात खाली ठेवली, परकराला हात पुसले आणि म्हणाली,

"माझे, आत्या."

आत्याबाई एकदम खाली वाकल्या आणि दोन्ही हातांनी डोकं धरून रडायला लागल्या. मला त्या वेळी वाटलं, विटाळलेल्या नैवेद्यासाठी रडताहेत. आता मी त्यांच्या वयाची झाल्यावर वाटतं, तसं नसेल. त्यांचंही डोकं कोणीतरी तसंच केलं होतं. मामंजी उठून देवाच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. आम्हा बायकांपैकी कोणी जेवलं नाही. उरलेलं भरीत परातीत तसंच राहिलं, वर तेल आलं, आणि संध्याकाळी गाईला घातलं.

दिवेलागणीला मी मामंजींचे पाय धरले आणि ते वाक्य म्हटलं. शंभर वेळा म्हटलं. म्हटलं, वन्सं खोटं बोलल्या, ते दिवस माझेच, मला जातं. मी वास्तूचीही पर्वा केली नाही मग. मामंजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले,

"सूनबाई, दुपारी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

त्यांनी तरीही सुईणीला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, छे, असं काही नाही, सगळं कोरडं आहे, पोर चांगलं धरून बसलंय. मी यजमानांना सगळं सांगितलं, त्यांच्या गळ्यात पडले, की आजच्या आज हिला घेऊन कुठेही चला. ते बापाशी बोलायला गेले. मामंजी त्यांना म्हणाले, उद्या माझ्या हातचं पाणी गावात कोण घेईल, आणि तुझ्या मुलाची मुंज कोण लावील? ते परत आले ते खाली मान घालून, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी धक्क्यावर गेले. वाईट माणूस नव्हते ते. पण मी त्यांना ते कधी विसरू दिलं नाही.

मामंजींनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी ठाण्याला निरोप गेला. आठवड्याच्या आत न्हावी मागच्या दाराने आला. गरोदर बाईने ते बघू नये, म्हणून मला ओसरीवर तांदूळ निवडायला बसवलं. मी कान लावून होते. ती ओरडली असती तर मी धावत गेले असते, काय वाटेल ते झालं असतं तरी. ती ओरडली नाही. मी तेच सूपभर तांदूळ चारदा निवडले. मग ती आलवण नेसून आतून आली, माझ्याजवळ बसली, पदर जरा मागे सारला आणि म्हणाली, "डोकं गार लागतं गं."

दुसऱ्या दिवसापासून तिला सोवळ्यात घेतलं. मामंजी तिच्या हातचं जेवू लागले. माझ्या पोटात काही ठरत नव्हतं, तेव्हा पहिल्यांदा ठरली ती तिने केलेली तांदळाची पेज, तूप-मीठ घालून. वाटी संपेपर्यंत ती समोरून हलली नाही. संक्रांतीला भुसावळचा हुकूम आला, ठरल्यासारखा. मुलगा झाल्यावर मी तिकडे गेले. ती कल्याणलाच राहिली.

मुलाच्या मुंजीला आम्ही कल्याणला आलो. आत्याबाई तोवर गेल्या होत्या, स्वयंपाकघर तिच्या हाती होतं, आणि आता तीच अंग चोरून चालत होती. सगळी पंगत उठल्यावर आम्ही दोघी मागच्या अंगणात बसलो. आठ वर्षांत मी तिच्यापुढे त्या दुपारचं नाव काढलं नव्हतं. त्या दिवशी काढलं. म्हटलं, मी बोलायला हवं होतं, माझ्या तोंडाशी आलेलं होतं, मी माझं पोर वाचवलं आणि तुला बळी दिलं. ती माझ्या मुलाच्या मुंडावळ्या गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, "अगं, तू बोलणारच नव्हतीस हे मला आधीच ठाऊक होतं. मी काही तुझी वाट बघत नव्हते."

पोरीला खोटं बोलायचं कसब होतंच. पण मी तिच्या समोर उभी होते त्या दिवशी. तिने हातात परात घट्ट धरली होती, मान हलवली होती, आणि माझ्या तोंडाकडे बघत ती वाट बघत होती.